‘हक्कभंग’ आणि ‘सभागृहाचा अवमान’

साताऱ्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, ‘हक्कभंग’ आणि ‘सभागृहाचा अवमान’ हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी येतात, तर दोहोंचा अर्थ एकच का, आणि त्याबद्दल सभागृह वाटेल तेवढी शिक्षा देऊ शकते का.

अर्थ एक नाही. सभागृहाच्या किंवा सदस्याच्या एखाद्या मान्य विशेषाधिकाराला, उदाहरणार्थ सभागृहातील भाषणस्वातंत्र्याला, बाध आला तर तो हक्कभंग. अवमानाची व्याप्ती मोठी आहे, कारण विशिष्ट अधिकार मोडलेला नसतानाही सभागृहाच्या कामात अडथळा आणणारे कृत्य अवमान ठरू शकते. म्हणून शिक्षेच्या संदर्भात ‘अवमान’ हाच शब्द अधिक नेमका. ‘हक्कभंग दाखल केला’ ही रचनाही टाळावी, कारण दाखल होतो तो खटला. सभागृहात हक्कभंगाची सूचना दिली जाते.

शिक्षेचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 194 मधून येतो, पण तो अमर्याद नाही. 1964 मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने गोरखपूरच्या केशव सिंह यांना अवमानाबद्दल 7 दिवसांची कैद दिली. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्यांना जामीन देताच विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा आदेश काढला, आणि पेच इतका वाढला की राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. त्या 7 न्यायाधीशांच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, जन्माने आणि शालेय शिक्षणाने साताऱ्याचे. बहुमताचा अभिप्राय असा की, सभागृहाने कैद केलेल्या नागरिकाची याचिका उच्च न्यायालय ऐकू शकते आणि जामीन देणारे न्यायाधीश त्यामुळे अवमानाचे दोषी होत नाहीत. मात्र केशव सिंह यांची याचिका पुढे 1965 मध्ये फेटाळली गेली, म्हणजे शिक्षेचा अधिकार राहिला. त्याच्या वापराची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, एवढे ठरले.

शिक्षेच्या कालमर्यादेसाठी ‘तहकुबी’ आणि ‘सत्रसमाप्ती’ यांतला फरक जपायला हवा. तहकूब झालेली बैठक त्याच सत्रात पुन्हा भरते. सत्रसमाप्तीने सत्रच संपते, आणि ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने दिलेली कैद तिथेच संपत असे. निलंबन हा वेगळा, शिस्तीचा विषय, पण मर्यादा तशीच: महाराष्ट्र विधानसभेने जुलै 2021 मध्ये 12 आमदारांचे केलेले वर्षभराचे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये, चालू सत्रापलीकडच्या काळापुरते, बेकायदा ठरवले, कारण तेवढा काळ त्यांचे मतदारसंघ प्रतिनिधीविना राहिले असते.