वाचक विचारतात : मशीन रोज लावावंच लागतं का?

प्रश्न : घरात पाच माणसं. सात किलोचं टॉप लोड मशीन रोज लावतो, रविवारी दोनदा. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी, मग टँकर. मशीन कमी वेळा लावावं तर कपडे साठून वास मारतात. काय करावं? (म्हापसा)

आधी कपडे तोला. सामानाची बॅग तोलायचा हुकाचा काटा असेल तर धुण्याची पिशवी त्याला अडकवा. नसेल तर कपडे हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. सात किलो हे माप कोरड्या सुती कपड्यांचं असतं. पाच माणसांचे अंगावरचे कपडे रोज अडीच-तीन किलोंच्या आसपास भरतात, म्हणजे तुमचं मशीन बहुधा अर्धं रिकामंच फिरतंय. अर्ध्या कपड्यांना अर्ध्या पाण्यात भागत नाही, कारण टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात बुडून फिरावे लागतात. भरलेल्या मशीनला एका वेळी 100 ते 150 लिटर लागतात. दिवसाआड मशीन आणि आठवड्यातून एकदा चादरी-टॉवेल एवढ्यावर आलात, तर आठाच्या जागी पाच वेळा लागेल. आठवड्याला बरंच पाणी वाचेल.

वास साठवणीमुळे येत नाही, ओल कोंडल्यामुळे येतो. झाकणाचा डबा काढून जाळीची टोपली ठेवा. घामेजलेला शर्ट किंवा ओला टॉवेल थेट टोपलीत न टाकता आधी दोरीवर सुकू द्या. पँट, स्कर्ट, संध्याकाळी दोन तास घातलेला कुर्ता हे एका वापरात धुवायची गरज नसते, पण आपल्या दमट हवेत ते घडी करून कपाटात गेले की बुरशीचे काळे ठिपके पडतात. त्यांच्यासाठी भिंतीवर खुंट्यांची एक रांग हवी, कपड्याला कपडा न चिकटेल अशी. आतले कपडे, मोजे, शाळेचे शर्ट मात्र एका वापरानंतर धुण्याच्या टोपलीतच.

मोठा फरक टॉवेलने पडतो. जाड टर्किश टॉवेल कोरडा असताना अर्ध्या किलोच्या आसपास असतो. पाच जणांचे पाच म्हणजे ड्रमचा तिसरा हिस्सा गेला. सुती पंचा वजनाला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि पंख्याखाली चटकन सुकतो, म्हणून तीन-चार आंघोळींना बिनवास चालतो. पंचा पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणणाऱ्यांनी पाहुण्यांपुरते दोन टर्किश ठेवावेत.

ड्रम ठासून मात्र भरू नका. वरून हात सहज मनगटापर्यंत गेला पाहिजे. काळ्या कपड्यांवर पावडरीचे पांढरे पट्टे दिसले की समजा, कपडे फिरलेच नाहीत, आणि पुन्हा धुण्यात वाचवलेलं पाणी गेलं. आणखी एक : बरीच मशीनं सुरुवातीला कोरडीच दोन-चार गिरक्या घेऊन वजनाचा अंदाज घेतात. बादलीत भिजवलेले कपडे टाकलेत तर ते जड लागतात आणि मशीन पाण्याची वरची पातळी धरतं. अशा वेळी पातळी हाताने निवडा.

प्रश्न : क्विक वॉश लावला तर पाणी वाचतं ना? (मडगाव)

वेळ वाचतो. तो प्रोग्रॅम दोनेक किलो, कमी मळलेल्या कपड्यांसाठी असतो. त्यात ड्रम भरला तर साबण नीट निघत नाही. रोज दोन किलोंचा क्विक वॉश लावणाऱ्या घरापेक्षा तीन दिवसांनी पूर्ण ड्रम लावणारं घर कमी पाणी वापरतं.

प्रश्न : फ्लॅटला बाल्कनी नाही. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो, म्हणून तेच कपडे पुन्हा धुतो. (पणजी)

गार पाण्यात पुन्हा धुऊन तो वास जाणार नाही. वास करणारे जिवाणू धाग्यात तसेच राहतात आणि कपडा दमट झाला की परत वाढतात. सुती टॉवेल आणि बनियनसाठी बादलीत आधी नळाचं पाणी घ्या, त्यात तेवढंच उकळतं पाणी ओता. साधारण 60 अंशांचं पाणी होतं. त्यात अर्धा तास बुडवून मग नेहमीच्या धुण्यात टाका. इलॅस्टिकचे आणि रंग जाणारे कपडे यात घालू नका. हीटरचं फ्रंट लोड असेल तर 60 अंशांचा कॉटन प्रोग्रॅम पंधरवड्यातून एकदा लावा, ड्रमचा वासही जाईल.

पण खरी अडचण सुकवण्याची आहे. सात किलो कपड्यांत चांगल्या पिळणीनंतरही साडेतीन-चार लिटर पाणी उरतं, आणि ते सगळं तुमच्या खोलीच्या हवेत जातं. म्हणून जून ते सप्टेंबर धुणं दोरीच्या मापाने काढा : दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून जेवढे मावतील तेवढेच. उन्हाची वाट बघत तीन ड्रम साठवून एकदम लावलेत, तर सगळेच कुबट होतील. आणखी एकदा पिळायला पाणी लागत नाही, ते जरूर करा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा, पंखा छतापेक्षा कपड्यांच्या उंचीवरचा बरा, आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. चवथीच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरी मे महिन्यातच कडक उन्हात वाळवून कोरड्या बांधून ठेवल्यात, तर ऐन पावसात धुवायची पाळी येत नाही.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याने पांढरे कपडे तांबूस होतात. ब्लीच घातलं तर आणखीच. (फोंडा)

पाण्यात लोह आहे. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की लोह तांबूस होऊन खाली बसतं. ब्लीच हेच काम क्षणात, आणि कपड्यावरच करतं. आदल्या संध्याकाळी पाणी उंचावरून पिंपात पडू द्या, रात्रभर ठेवा आणि तळाची वीतभर पातळी न ढवळता वरचं वापरा. पांढऱ्यांची शेवटची खळबळणी ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या नळाच्या पाण्याने करा. जुन्या डागांना लिटरभर गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, अर्धा तास. मग भरपूर पाण्याने धुवा. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मशीनला पाणी येतं त्या नळीच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासा. तीत गाळ साठला की पाणी भरायला उशीर लागतो.

प्रश्न : मशीनचं पाणी माडांना घातलं तर चालेल? (काणकोण)

खळबळणीचं चालेल, पहिलं साबणाचं नको. त्यातल्या सोडियमने माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. माड बदलत राहा, बुंध्यापासून तीन-चार फूट लांब आळ्यात घाला, विहिरीजवळ नको, पालेभाजीला तर नकोच. दिवसाहून जास्त साठवलं तर सडतं. फ्रंट लोड असेल तर सांडपाण्याची नळी थेट जमिनीवर सोडू नका. तोंड दोन-तीन फूट उंच हवं, नाहीतर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं आणि मशीन नळ उघडा ठेवून भरतच राहतं. तेवढ्या उंचीच्या पिंपात नळी सोडा आणि पिंपाच्या तळाच्या तोटीला बागेचा पाइप लावा.