कोंबडा वातड का होतो?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमचं परसातलं कुक्कुटपालन आहे. वनराज (परसातल्या पालनासाठीची सुधारित जात) आणि गावरान एकत्रच वाढवतो. कोंबडे सात-आठ महिन्यांचे, चांगले वजनदार झाले की महामार्गावरच्या खानावळींना देतो. हल्ली तक्रार येते की नर वातड निघतात, त्याच वयाच्या तलंगा (तरुण माद्या) बऱ्या असतात. खाद्यवाला म्हणतो, २४ टक्के प्रथिनांचं खाद्य सुरू करा, मांस मऊ होईल. ते पोत्यामागे बरंच महाग आहे. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. तुमचं दुखणं खाद्यात नाही, कोंबड्याच्या वयात आहे.

मांस चिवट करतं ते स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन. वय वाढतं तसे त्याच्या धाग्यांमधले जोड पक्के होत जातात आणि शिजवताना ते सहजी विरघळत नाहीत. नर वयात आला की हे आणखी जाणवतं. म्हणून तीन महिन्यांचा नर आणि मादी यांच्या मांसात खाणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. सात महिन्यांनी चांगलाच कळतो. पुढच्या वेळी कोंबडा उचललात की छातीच्या हाडाचं मागचं टोक बोटाने दाबून बघा. कोवळ्या पक्ष्यात ते कूर्चेचं असतं, लवतं. टोक टणक लागलं, तुरा लालभडक झालाय, आरवणं रोजचं झालंय, पायामागचा काटा वाढलाय, तर तो निबर झाला. आता कितीही सोयापेंड चारली तरी ते जोड सुटणार नाहीत.

मग जातीचा काहीच संबंध नाही का? आहे, पण बराचसा वयाच्या वाटेनेच. ब्रॉयलर साधारण ४० दिवसांत दोन किलोच्या घरात जातो आणि कोवळा असतानाच कापला जातो, म्हणून मऊ. त्याच ब्रॉयलरची अंडी देऊन थकलेली आई, वर्ष उलटलेली, कुकरला लावून बघा. तीही वातडच निघते. गावरान किंवा कडकनाथ किलोभर व्हायलाच चार-पाच महिने घेतो आणि दिवसभर फिरतो, त्यामुळे मांस घट्ट, मांडी गडद, रश्श्याला चव. असील या झुंजीच्या जातीचे स्नायू मुळातच भरीव. कडकनाथचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, आनुवंशिक. खाद्याने तो येत नाही आणि जातही नाही. गावरान घेणाऱ्याला दाताला थोडं लागणारं मांस हवंच असतं. म्हणून तुमच्या कोंबड्यांना ब्रॉयलरइतकं मऊ करण्याच्या मागे लागू नका. ती त्यांची खोड नव्हे, ते त्यांचं मोल आहे.

आता प्रथिनं. मांसातल्या प्रथिनांचं प्रमाण खाद्याने फारसं हलत नाही. खाद्याने बदलते ती वाढ, छातीचा भराव आणि मुख्य म्हणजे चरबी. नुसता मका, तांदळाची कणी असं चारलं तर ऊर्जा भरपूर आणि प्रथिनं तोकडी पडतात. पक्षी जास्तीची ऊर्जा चरबी करून साठवतो. तलंगा यात पुढे. पोट उघडलं की पिवळा गोळाच हाताला लागतो. पिल्लांना पहिले सहा आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं द्या, नंतर १६ टक्के आणि वर मोकळं चरणं पुरे. भारतीय मानकात ब्रॉयलरच्या फिनिशर (शेवटच्या टप्प्यातल्या) खाद्यालाही २० टक्केच आहेत. मग परसातल्या मोठ्या कोंबड्याला २४ कशाला? जादा प्रथिनं यूरिक आम्ल होऊन विष्ठेतून जातात, खुराड्यातलं तूस ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुम्ही पैसे मोजून घाण विकत घेता, आणि छोट्या पालकाला असा सल्ला देऊन पोतं खपवलं जातं याचा मला मनापासून राग येतो. स्वस्त प्रथिनं म्हणून सुकटीची कुटी घालत असाल तर विक्रीआधी दोन-तीन आठवडे बंद करा. मांसाला मासळीचा वास येतो.

करायचं ते एवढंच : पिल्लं ओळखू येताच नर वेगळे करा, वनराजचे नर साडेतीन-चार महिन्यांत, आरवायला लागायच्या आत विका. निबर उरले ते खानावळीला स्पष्ट सांगून द्या, मंद आचेवर रस्सा करणाऱ्यालाच. कापण्याआधी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवा, पाणी चालू, आणि रात्री अंधारात शांतपणे पकडा. पळवून दमवलेल्या कोंबड्याचं मांस लवकर ताठरतं. खानावळवाल्यालाही सांगा, कापल्यावर चार-सहा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवून मग शिजवा.

प्रश्न : बाजारातल्या चिकनच्या छातीवर पांढऱ्या रेषा दिसतात. इंजेक्शन दिलेलं असतं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, ताई. झपाट्याने वाढलेल्या, वजनदार पक्ष्यांत स्नायूंचे काही तंतू झिजतात आणि त्या जागी चरबी भरते. त्याच या रेषा. नर जास्त वजनाचे होतात, म्हणून त्यांच्यात जास्त आढळतात. खायला धोका नाही, फक्त चरबी किंचित जास्त, प्रथिनं किंचित कमी. तुकडा फळीसारखा कडक लागला तर मात्र बदलून घ्या, किंवा खिमा करा.