‘आधीची नोकरी का सोडलीत?’

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहतो, वय ३६. रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत सहा वर्षं डिस्पॅच सुपरवायझर होतो. गेल्या पावसाळ्यात हुबळीला निघालेली आमची गाडी कोल्हापूरच्या अलीकडे बंद पडली. ट्रान्सपोर्टरने माल दुसऱ्या गाडीत भरला आणि रात्री फोन करून मला नव्या गाडीचा नंबर दिला. ‘सकाळी ऑफिसला गेलो की टाकतो,’ म्हणालो. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याच्या पार्ट-बीमध्ये, म्हणजे गाडीचा नंबर असतो त्या भागात, जुनाच नंबर राहिला आणि पहाटे जीएसटीच्या पथकाने गाडी धरली. दंड भरून माल सोडवावा लागला. पुढच्याच महिन्यात कंपनीने एका महिन्याचा पगार आणि पत्र हातात ठेवलं : आपल्या सेवेची आवश्यकता नाही.

आता तळोज्याला मुलाखत आहे. मेव्हणा म्हणतो, आईच्या आजारपणामुळे सोडली म्हणून सांग. (आई ठणठणीत आहे, रोज भाजी आणायला स्वतः जाते.) मित्र म्हणतो, त्या कंपनीचं नावच घेऊ नकोस. त्यांच्या फॉर्मवर ‘पूर्वी कधी कामावरून काढले आहे का?’ असा रकाना आहे. काय लिहू?

— एक वाचक, घणसोली

उत्तर : आईला भाजी आणू द्या, उगाच आजारी पाडू नका. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत पर्सोनेल सांभाळताना आईचं आजारपण, गावच्या घराचं काम आणि जमिनीची वाटणी ही तीन कारणं मी टेबलापलीकडून सतत ऐकली. आम्ही काही हुशारी करायचो नाही, सहज विचारायचो, ‘आता कशा आहेत? कुठे ठेवलं होतं?’ खरं सांगणारा हॉस्पिटलचं नाव घेऊन बिलाची रक्कमही सांगायचा. खोटं सांगणारा पाण्याचा ग्लास उचलायचा.

मित्राचा सल्ला त्याहून कच्चा. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा नंबर, एकच असतो आणि नवी कंपनी तोच मागणार. त्यात जुन्या कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सगळं दिसतं. सहा वर्षं लपवणार कुठे? शिवाय रबाळे काय नि तळोजा काय, ट्रान्सपोर्टर तेच आणि ड्रायव्हरही तेच. तुमची ती गाडी तिथल्या गेटवर आधीच पोचलेली असू शकते.

रकान्यात ‘हो’ लिहा. पुढे जागा असली तर ‘तपशील मुलाखतीत सांगेन’ एवढंच. बायोडेटात मात्र नोकरी सुटण्याचं कारण लिहायची गरज नाही, तिथे तारखा आणि काम पुरे. सहीच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंत आणि वर्षभराने उघड झालं, तर पुन्हा घरी बसाल, आणि या वेळच्या पत्रात ‘खोटी माहिती दिली’ असं लिहिलेलं असेल. आत्ताच्या पत्रात तुमच्यावर कसलाच ठपका नाही, हे विसरू नका.

मुलाखतीत त्यांनी विचारलं की असं काहीतरी बोला : ‘साहेब, मला काढलं. वाटेत गाडी बदलली, पार्ट-बी बदलायचं काम माझं होतं, ते मी सकाळवर टाकलं. माल अडकला, कंपनीला दंड बसला.’ आणि थांबा. हे थांबणंच जमत नाही लोकांना. समोरचा गप्प बसला की माणूस ट्रान्सपोर्टरवर घसरतो, मग रात्रपाळीला माणसं नव्हती, मग जुना मॅनेजर कसा होता. हे सगळं खरं असेलही. त्यांनी विचारलं तर सांगा, आपणहून नको.

त्यानंतर बोलायचं ते तुमच्या कामाचं. ‘आता बिल करतानाच ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकून घेईन, म्हणजे वाटेत गाडी बदलली तर पार्ट-बी त्यालाही बदलता येतो, रात्री माझ्यावाचून अडत नाही. ई-वे बिलाची मुदत वाढवायची तर ती संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढाच वेळ मिळतो, त्याचा अलार्म लावेन.’ डिस्पॅच बघणारा माणूस समोर असेल तर इथे तो खुर्चीत पुढे सरकेल. मालावरच्या कराच्या २०० टक्के दंड कंपनीच्या खात्यातून जाताना ज्याने बघितलाय, तो सुपरवायझर पुन्हा पार्ट-बी सकाळवर टाकणार नाही, हे त्यालाही कळतं. मी असते तर घेतला असता, सहा महिने प्रोबेशनवर का होईना.

हे चार-पाच वेळा मोठ्याने म्हणा, आणि हिंदीतही म्हणा. मुलाखत मराठीत सुरू होते आणि प्लांट हेड आले की हिंदीत जाते. पाठ केलेलं मराठी तिथे अडखळतं.

मुलाखतीआधी जुन्या एचआरला एक फोन करा. भांडायला नव्हे. ‘पडताळणीचा फोन आला तर काय सांगाल?’ एवढंच विचारा. मी स्वतः तारखा आणि हुद्दा यापलीकडे काही सांगत नसे, बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. पण कुणी जास्त बोलणारं असेल तर तुम्हाला आधी कळलेलं बरं. त्याच फोनवर सर्व्हिस सर्टिफिकेटही मागून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. सहा वर्षं झाली होती, मग ग्रॅच्युइटी मिळाली का? कामावरून काढलं म्हणून ती आपोआप बुडत नाही. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असं कंपनीचं म्हणणं असेल, तर त्या नुकसानीपुरतीच रोखता येते, आणि तुमच्या पत्रात तर तसा शब्दही नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि हे प्रकरण तळोज्याच्या मुलाखतीत अजिबात काढू नका.