वार पुढे असेल तर बाळाची चाहूल उशिरा लागते

प्रश्न : डॉक्टर, माझी पहिलीच खेप आहे, २१वा आठवडा चालू आहे. उलट्या थांबल्या, भूक लागते, कामावरही जाते. १९व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. सगळं ठीक आहे म्हणाले, वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आहे एवढं कागदावर लिहिलंय. पण बाळाची हालचाल म्हणावी तशी कळत नाही. मध्येच बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं, मग दिवसभर काहीच नाही. जाऊबाईंना त्यांच्या दुसऱ्या वेळी सोळाव्या आठवड्यातच कळलं होतं. शिवाय कूस बदलताना किंवा शिंकताना उजव्या जांघेत जोरात कळ येते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. परवा रात्री जाग आली तेव्हा मी उताणी झोपले होते. तेव्हापासून धड झोपच लागत नाही. बाळाला काही झालं नसेल ना?

उत्तर : वार पुढच्या बाजूला आहे, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असली की बाळ आणि तुमचं पोट यांच्यामध्ये एक जाड उशी येते. बाळ लाथ मारतं ती त्या उशीवर बसते. म्हणजे हालचाल कमी असते असं नाही, तुमच्यापर्यंत ती कमी पोहोचते. खरं तर बाळ आठव्या-नवव्या आठवड्यापासूनच हलत असतं, फक्त ते आईला कळण्याइतकं मोठं झालेलं नसतं. आत्ता त्याचं वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम असेल.

माझ्या पहिल्या वेळी माझीही वार पुढेच होती. स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन चार वर्षं झाली होती, दिवसभर दुसऱ्यांची पोटं तपासत होते, आणि माझ्या स्वतःच्या पोटात बाविसावा आठवडा संपेपर्यंत काही कळलं नाही. शेवटची पेशंट गेली की दार लोटून घ्यायचे आणि स्वतःच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, डॉपलर, लावायचे. ठोके ऐकू यायचे. रात्रभर बरं वाटायचं आणि सकाळी पुन्हा तीच धाकधूक. मग तेविसाव्या आठवड्यात एकदा बिछान्यावर पडले असताना ओटीपोटात अगदी खाली, डाव्या अंगाला, कुणीतरी आतून टिचकी मारली. तुम्हालाही बहुधा खाली किंवा कडेलाच आधी कळेल, कारण वारेची उशी तिथे संपते. दिवसभराच्या धावपळीत लक्ष जात नाही, रात्री शांत पडल्यावर जातं.

एक मात्र सांगते, घरी वापरायचं डॉपलर आणू नका. त्यात आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा म्हणून ऐकला जातो आणि जेव्हा खरंच दवाखान्यात जायला हवं, तेव्हा माणूस घरी बसून राहतो.

जाऊबाईंशी तुलना सोडून द्या. दुसऱ्या वेळी ती हालचाल ओळखीची असते, म्हणून सोळाव्या आठवड्यातही लक्षात येते. पहिल्या वेळी १८ ते २० आठवडे, आणि वार पुढे असेल तर त्याहून उशीर. या दिवसांत हालचाली मोजायच्या नसतात, त्यांना अजून लय आलेली नसते. २४ आठवडे झाले तरी काहीच स्पष्ट कळलं नाही, तर तपासून घ्यायचं. २८ आठवड्यांच्या सुमारास तुमच्या बाळाची रीत तुम्हाला पाठ झालेली असेल. तेव्हा ती कमी झाली किंवा बदलली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, वार पुढे आहे म्हणून थांबायचं नाही. आणि आजही फार अस्वस्थ वाटलं, तर फोन करून ठोके ऐकून या. त्यात कुणाला त्रास दिला असं काही होत नाही.

जांघेतली कळ. गर्भाशय आता बेंबीपर्यंत आलंय. त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे बंध जांघेपर्यंत उतरतात आणि आता ते ताणले जातायत. एकदम हललं की त्यांना झटका बसतो. गर्भाशय किंचित उजवीकडे वळलेलं असतं, म्हणून उजवी बाजू जास्त बोलते. कूस बदलायच्या आधी दोन्ही गुडघे जवळ घ्या आणि मग अंग वळवा. शिंक येतेय असं वाटलं की कमरेतून थोडं पुढे वाका. ही कळ काही क्षणांत ओसरते. पोट ठरावीक अंतराने आवळत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर मात्र ती ही कळ नव्हे. त्याच दिवशी दाखवा.

हिरड्यांचं असं की संप्रेरकांमुळे त्या सुजतात आणि अंगातलं रक्तही आता बरंच वाढलेलं असतं. काहींचा घोळणाही फुटतो. मऊ ब्रश घ्या, पण दात घासणं थांबवू नका. दातांच्या डॉक्टरकडे जायला हेच महिने सोयीचे आहेत. वाढलेल्या रक्तात पाण्याचा अंश जास्त वाढतो, लाल पेशी त्या मानाने कमी, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. लोहाची गोळी त्यासाठीच आहे. ती आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका.

उताणं झोपल्याने बाळाला काही झालेलं नाही. पुढे पोट जड झालं की पाठीवर झोपल्यावर मोठ्या शिरेवर भार येतो, म्हणून २८ आठवड्यांनंतर झोपायला जाताना कुशीवर पडायचं, डावी किंवा उजवी. झोपेत माणूस उलटतोच. जाग आली की पुन्हा कुशीवर वळा आणि झोपा. पाठीमागे एक उशी लावून ठेवली तर वळणं आपोआप अडतं. मी शेवटचे चार महिने तशीच झोपले.