ब्रेकचं काम शिकणाऱ्या भावाला कुठला मास्क घेऊन देऊ?

भाऊ चिपळूणला गॅरेजवर लागलाय, रिक्षा-टेम्पोचे ब्रेक खोलतो, तोंडाला रुमाल पुरतो का, असं तुम्ही विचारलंय. रुमाल पुरत नाही. पण मास्कच्या आधी त्याच्या हातातली हवेची नळी काढून घ्या.

ड्रम, म्हणजे चाकातला ब्रेकचा गोल डबा, उतरला की आतल्या काळ्या भुकटीवर कॉम्प्रेसरची हवा मारायची, ही सवय घातक आहे. ती भुकटी म्हणजे झिजलेला लायनर, ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे तंतू असलेलं खनिज, असू शकतं, कारण आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. लायनर बघून ते ओळखता येत नाही, म्हणून आहे असंच धरायचं. त्याचे तंतू हवेत तासनतास तरंगतात. हवा मारणाऱ्याच्याच नव्हे, पलीकडे चहा पिणाऱ्याच्याही छातीत ते जातात. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, उमटायलाच साधारण 20 ते 40 वर्षं लागतात. म्हणून "30 वर्षं हवा मारतोय, मला काय झालं?" हे मिस्त्रींचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

काम ओल्यानं करायचं. घाट उतरून आलेली गाडी आधी पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. खाली ट्रे ठेवा. पाण्यात थोडं साबणाचं पाणी मिसळून साध्या फवारणीच्या बाटलीनं ड्रम आणि त्यामागची तबकडी (बॅकप्लेट) यांमधल्या फटीत हळू सोडा. आपल्या खाऱ्या हवेत ड्रम हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, गंजून धरतो. मग हातोडा बसतो आणि सगळी भुकटी एकदम उडते. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीनं आवळा, ड्रम सरकत बाहेर येतो. शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, काढण्याआधी परत भिजवा, फडक्यानं पुसा, फडकं ओलंच पिशवीत बांधा. लायनरला पॉलिश पेपर मारायचा तोही ओल्यावरच. "पाण्यानं ब्रेक खराब होतो" म्हणणाऱ्यांच्या गाड्या जून ते सप्टेंबर पाण्यातूनच चालतात, आणि ब्रेक लागतात.

पेट्रोलनं धुणं बंद, त्यात बेंझिन असतं. ब्रेक क्लीनर उघड्यावरच मारा. काहींत हेक्सेन असतं, ते वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. ब्रेक ऑइल नळीनं तोंडानं कधीच ओढू नये.

मास्क म्हणाल तर अर्धा चेहरा झाकणारा रबरी, पी100 फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ जवळपास पूर्ण अडवणारा. एन95 ॲस्बेस्टॉसला पुरेसा नाही. दाढी असेल तर रबर चेहऱ्याला बसत नाही, कडेनं हवा शिरते. मास्क ओल्या कामाच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे. कामाचे कपडे गॅरेजवरच बदलावेत. घरी झटकले तर तीच धूळ घरच्यांच्या छातीत.

दोन-चार ब्रेक खोलल्यानं लगेच काही होतं असं नाही, धोका वर्षांच्या साठ्याचा आहे. मात्र विडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो. आणि खोकला-धापेसाठी कधी डॉक्टरकडे गेला तर ब्रेकचं काम करतो हे त्यानं आधी सांगावं, नाहीतर दमा समजून औषध चालू होतं.