शोग्रेन: थेंब तक्रार आल्यावर नाही, घड्याळ बघून

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 46, वजन 52 किलो. दोन वर्षं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, वर्षभरात तीन दातांत सिमेंट भरावं लागलं. अँटी-रो ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, डोळे आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या शोग्रेन या आजाराचं निदान झालं. चार महिने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200 मिलीग्रॅम दोन वेळा घेऊनही कोरडेपणा तसाच आहे, मग गोळी बंद करू का?

परस्पर बंद करू नका. पण कोरडेपणा जाईल म्हणून तिच्याकडे डोळे लावूनही बसू नका. या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींना वेढा घालतात, आणि एकदा निकामी झालेला भाग सहसा परत कामाला लागत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत 24 आठवड्यांनंतर ही गोळी आणि नुसती साखरेची गोळी यांत कोरडेपणा, दुखणं, थकवा या तिन्ही बाबतींत फरक दिसला नाही. तरी सांधेदुखी आणि अंगावरच्या चट्ट्यांसाठी डॉक्टर ती देतात, काहींना उपयोगही होतो. तुम्हाला ती कशासाठी दिली आहे, ते विचारून घ्या. डोसबद्दलही विचारा: दिवसाला किलोमागे 5 मिलीग्रॅमच्या आत ठेवतात. तुमच्या वजनाला ते 260 भरतं, तुम्ही 400 घेताय. ही गोळी डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकते, म्हणून पहिल्या वर्षात पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर त्याआधीच.

आता डोळे. बहुतेक जण चुकतात ते इथे: खुपायला लागलं की थेंब घालतात. खुपतं तेव्हा बुबुळाचा पृष्ठभाग आधीच सोलवटलेला असतो. म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, त्रास असो वा नसो. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर ती नको; ते रसायनच पृष्ठभाग खरवडतं, आणि मग 'थेंबांनी जास्तच चुरचुरतं' अशी तक्रार येते. खालची पापणी ओढून तिथे एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम सगळ्यांत शेवटी, झोपताना, कारण त्यानंतर धूसर दिसतं. सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले असतील तर ते झोंबतात आणि गुण यायला तीन महिने तरी लागतात. पंधरा दिवसांत सोडू नका. एवढं करूनही भागलं नाही, तर अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात बारीक बूच बसवतात. गुलाबपाणी, मध, लाली घालवणारे थेंब, यातलं काहीही डोळ्यात नको. पंख्याचा झोत तोंडावर येणार नाही अशी खाट सरकवा आणि गाडीवर हेल्मेटची काच खाली ठेवा.

दातांचं नुकसान मात्र भरून येत नाही, म्हणून तिकडे जास्त लक्ष हवं. लाळ आम्ल मारते आणि दाताला कॅल्शियम परत देते. ती आटली की कीड हिरडीलगतच लागते, जिथे निरोगी तोंडात सहसा लागत नाही. दंतवैद्याला आजाराचं नाव सांगा आणि 5000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लिहून मागा. नेहमीच्या पेस्टमध्ये साधारण 1000 ते 1450 असतं. रात्री घासल्यावर थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील. तोंडाला पाणी सुटावं म्हणून लिंबाची फोड, चिंचेची गोळी, आवळा सुपारी चघळण्याची सवय लागते. लाळेशिवाय तेच आम्ल दात झिजवतं. त्याऐवजी झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगगम. (घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा, त्याला ते विषासारखं.) पाणी घोट-घोट, आणि भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून. जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग करायला लागली, ओठांचे कोपरे चिरले, तर दोष तिखटाचा नसून बहुधा बुरशीचा असतो. त्यावर औषध आहे.

लाळ वाढवायला पायलोकार्पिन 5 मिलीग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा देतात. ग्रंथीत थोडा जीव असेल तरच उपयोग. घाम खूप येतो. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ते चालत नाही. त्याआधी बाकीच्या गोळ्या तपासा: सर्दीची सेटिरिझीन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्याला दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन. तिन्ही तोंड कोरडं करतात.

कानाखालची गाठ जेवताना सुजून ओसरते, ती वेगळी. आठवडेच्या आठवडे टिकलेली टणक सूज, वजन घटणं, ताप, नडगीवर जांभळे ठिपके असं काही दिसलं तर लगेच दाखवा; या आजारात शंभरातल्या सुमारे पाच जणांना पुढे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होतो. वाचणाऱ्यांत कुणी अँटी-रो पॉझिटिव्ह असून मूल होऊ देण्याचा विचार करत असेल, तर आधीच सांगा: गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो, म्हणून 16 ते 18 आठवड्यांपासून त्याची सोनोग्राफी सुरू करतात.

आणि एक, जे आपल्याकडे हमखास सुटतं. शोग्रेन किडनीच्या नळ्यांवर गेला की पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. एखाद्या सकाळी मांड्यांत बळच नाही, उठताच येत नाही, असं झालं तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोज पाजत घरी थांबू नका. त्याच तासाला इस्पितळ गाठा, शोग्रेन आहे हे आधी सांगा आणि रक्तातलं पोटॅशियम व ईसीजी करायला लावा.