वैद्यकीय संशोधकाची प्रकाशनं आणि सायटेशन नेमकी कशी तपासायची?

तुमचा प्रश्न असा आहे की एकाच डॉक्टरांचा एच-इंडेक्स (लेख किती आणि त्यांना सायटेशन, म्हणजे इतर लेखांतले संदर्भ, किती यांचं एकत्रित माप) गूगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपस या निवडक साहित्याच्या संग्रहात कमी दिसतो, तर खरा कोणता मानायचा? दोन्ही खरे. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे मसुदे), पुस्तकं, जिथे संदर्भ सापडेल तिथला मोजतो; स्कोपस फक्त स्वतःच्या यादीतलं साहित्य धरतो. म्हणून आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा, आणि दोघांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

पण आकड्याआधी लेखांची यादी तपासा. खरा घोळ तिथेच असतो. उदाहरणादाखल गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम घेऊ. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीमध्ये नुसतं आडनाव रोमन लिपीत टाकलं की कोरियन संशोधकांचे लेख ढिगाने येतात, कारण तेच स्पेलिंग तिकडच्या आडनावाचंही आहे. म्हणून आडनावापुढे आद्याक्षरं द्या: अभय बंग यांची 'एटी', राणी बंग यांची 'आरए'. पूर्ण नावाने शोधलं तर जुने लेख निसटतात. पबमेडवर लेखकांची पूर्ण नावं २००२ पासूनच्या लेखांनाच मिळतात. संस्थेच्या किंवा गावाच्या नावाने चाळणी लावली तरी गफलत होते. २०१४ च्या आधी तिथे बहुधा पहिल्याच लेखकाचा पत्ता नोंदवला जाई, त्यामुळे तुमचा माणूस दुसरा-तिसरा लेखक असेल तर लेख गळतो. आद्याक्षरांनी शोधा, सोबत विषयाचा एखादा शब्द जोडा आणि शीर्षकं डोळ्यांनी वाचा. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर उत्तम, पण ती सोय २०१२ मध्ये आली. मागचे लेख संशोधकाने स्वतः जोडले असतील तरच दिसतील. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये उलटा प्रकार होतो, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे लेख आपोआप येऊन बसतात. बालरोगतज्ज्ञाच्या यादीत वेल्डिंगवरचा लेख दिसला तर समजून जा.

आता एच-इंडेक्स. सहा लेखांना अनुक्रमे ९०, ४०, १२, ५, ४ आणि २ सायटेशन असतील तर एच ४ येतो, कारण चार लेखांना प्रत्येकी किमान चार सायटेशन आहेत, पण पाच लेखांना प्रत्येकी पाच नाहीत. पहिल्या लेखाची सायटेशन ९० ऐवजी ९,००० झाली तरी एच चारच राहतो. माझ्या मते वैद्यकात या मापाचा हाच सर्वांत मोठा दोष. बंग यांचा नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये १९९९ साली आला. ३९ गावांत काम, तुलनेला ४७ गावं, आणि नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली, २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत तसा कार्यक्रम आणला. एच-इंडेक्समध्ये या लेखाची किंमत एक.

म्हणून सर्वाधिक सायटेशनचे पाच लेख उघडा आणि ते कोण वापरतंय ते बघा: मार्गदर्शक तत्त्वं, पद्धतशीर आढावे, की त्याच गटाचे पुढचे लेख? स्वतःच्या मालिकेत मागच्या लेखाचा संदर्भ येणं स्वाभाविक आहे; फक्त तेवढाच उरत असेल तर शंका घ्या. 'आयसाइट' हे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं मोफत साधन इथे कामाला येतं. पबमेड क्रमांक टाकले की विषय आणि वर्षानुसार समायोजित केलेलं सायटेशनचं गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे एनआयएच-अनुदानित लेखांचा मध्यांक. क्लिनिकल लेखांनी तो लेख वापरलाय का, हेही दिसतं. ताज्या लेखांवर मात्र विसंबू नका, सायटेशन जमायला वेळ लागतो.

लेखकांचा क्रमही बघा. वैद्यकात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रमुखाचं. शेकडो लेखकांच्या जागतिक रोगभार अभ्यासात मधे कुठेतरी नाव असलं तरी हजारो सायटेशन खात्यात जमा होतात. ती वगळून यादी पुन्हा मोजा, चित्र पार बदलू शकतं. आणि जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून बायोडेटात लिहू नका. तो जर्नलमधल्या लेखांच्या सायटेशनची सरासरी सांगतो, एका लेखाची नाही.

शेवटी, मागे घेतलेले लेख. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याला सायटेशन मिळतच राहिली, त्यातली कित्येक तो खोडण्यासाठी. स्कॉलरची बेरीज हा फरक करत नाही. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. त्यात शीर्षकापेक्षा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा पबमेड क्रमांकाने शोधा, स्पेलिंगच्या फरकाने लेख हुकत नाही.